भरपाईचा दिवस

आज बँकेत एक म्हातारे गृहस्थ नाव पुकारलं तरी तसेच बसून राहिले, आणि मला वडील आठवले.

वडील गावचे खोत. गावाचा सारा गोळा करून सरकारात भरायचा आणि त्यातला आपला वाटा ठेवायचा, हा आमच्या घरचा पिढीजात हक्क. कायद्याने तो संपला आणि भरपाई घ्यायला त्यांना तालुक्याच्या कचेरीत बोलावलं. मीही सोबत गेले. तिथे आमचं कूळ सखाराम भेटला. कसत असलेली जमीन नावावर करून घ्यायला तो आला होता. वडील बाकावर सरकले, "बस रे" म्हणाले. तो उभाच राहिला.

कारकुनाने वडिलांना नुसत्या नावाने पुकारलं. वडील हललेच नाहीत. शेवटी सखारामच वाकून म्हणाला, "खोतानू, तुमकाच बोलवतत."

सही करून वडील बाकाशी परतले ते अगदी दमून. हक्क गेला त्याचा मोबदला मिळाला होता. सखारामच्या घरचे मात्र आज्यापासून आमच्याकडे फुकट राबत आले, दर पावसाळ्याआधी छपरावर चढून कौलंही तेच परतायचे; त्याची भरपाई कुठल्या कायद्यात नव्हती. त्यानेही ती मागितली नाही. उलट काळजीनेच विचारलं,

"आता मिरगाआधी तुमची कौलां परतूक कोण येतला?"

वडिलांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग थकल्या आवाजात म्हणाले, "कसं परततात ते एकदा दाखव मला. यंदा मीच चढेन."