आई वाफेला बसली होती तेव्हा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय – ठाऊक नाही. आता पोटात ठेववत नाही, एवढंच.

मी गुलबर्ग्यात शाळेत शिकवते. आईचे गुडघे आखडले होते. गोळ्यांनी काही होईना, म्हणून तिला निंबर्ग्याजवळ नागव्वाकडे नेलं. मेंढरं राखणाऱ्या घरातली म्हातारी – हाताला गुण आहे म्हणायचे. तिच्या शेतात दगडमातीची बुटकी खोली. आत तापलेल्या दगडांवर निरगुडीचा पाला टाकून पाणी शिंपडायचं, दार लावायचं, आजाऱ्याचा घाम काढायचा. दाराबाहेर मात्र घरचंच माणूस हवं. त्यानं बोलत राहायचं, आतल्यानं हूं म्हणत राहायचं.

"हूं थांबलं की दार उघडा, बाई. माझी वाट बघू नका," एवढं बजावून ती आणखी पाला आणायला गेली.

सोपंच काम होतं ना?

मी भाच्याच्या लग्नाचं सांगत होते, आई हूं म्हणत होती. तेवढ्यात मैत्रिणीचा फोन आला. तिथे आवाज तुटत होता, म्हणून बांधापर्यंत गेले – दोनच मिनिटं म्हणून. किती वेळ गेला? खरं सांगू? मी मोठ्या बाईंची नक्कल करून हसत होते. आईनं हाक मारली असेल का?

परत आले तर आत आवाज नाही. दार ओढलं. आई भिंतीला टेकलेली, मान कलंडलेली. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली.

तेराव्याला नागव्वा आली. उंबऱ्याबाहेरच थांबली. "अक्का शेवटपतोर हूं म्हणत होत्या का, बाई?"

मी म्हणाले, "व्हय. शेवटपर्यंत."

माझा भाऊ तिच्या अंगावर धावून गेला. नको नको ते बोलला. ती मान खाली घालून ऐकत राहिली. आणि मी? मी रडत होते, म्हणून सगळे मलाच पाणी देत होते. आईला मी घालवलं, आणि खापर त्या म्हातारीच्या डोक्यावर फुटू दिलं.

तिनं ती खोली स्वतःच्या हातानं पाडली म्हणे. आळंदकडून अजून माणसं येतात, कंबर धरून, गुडघे धरून. ती परत पाठवते – "माझ्या हातानं माणूस गेलं. आता न्हाई."

नागव्वा अजून आहे. निंबर्ग्याची बस आमच्या शाळेवरूनच जाते. मी गेलेले नाही.