पडद्यावरचे ‘हे’

कवळीवाल्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोलण्याची सोय केली. स्वतःचं बोलायचं तेवढं राहून गेलं. दातांचे डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचा ठसा पाठवत. कवळीवाले घराच्या मागच्या खोलीत बसून त्यावरून प्लास्टरचा साचा काढत, मेणात एकेक दात बसवत आणि शेवटी घासूनपुसून कवळीला चकाकी आणत. पुढे ती कोणाच्या तोंडात गेली आणि तिथून कोणाला काय काय बोलली, याचा त्यांना कधी पत्ता लागला नाही.

घरातलं बोलणं हे बायकोचं खातं. ती टेलिफोन ऑपरेटर होती. निवृत्त झाली तेव्हा तिच्या जिभेला एकदम सुट्टी मानवेना. मुलगी नोकरीसाठी दूर गेली, जाताना आपला व्हिडिओ गेमचा जुना डबा टीव्हीखाली विसरून गेली, आणि बाईंना काम मिळालं.

खेळ जपानी. एक भलंमोठं शहर बेचिराख झालेलं. पडक्या इमारतींत, भुयारी स्टेशनांत राक्षस राहायला आलेले. आपण त्यांच्याशी लढायचं. पण त्यातली गंमत अशी, की लढण्याऐवजी त्यांच्याशी बोलताही येई. चार गोड शब्द बोलून पटवलं, की राक्षस आपल्या टोळीत येई. बाईंनी तलवार फारशी उचललीच नाही. ज्या बाईने संतापलेल्या गिऱ्हाइकांना फोनवर ताटकळत ठेवून वर त्यांच्याकडून आभार मानून घेतले, तिला शिंगवाल्यांचं काय कौतुक!

तिच्या टोळीत एक मातीच्या गोळ्यासारखा राक्षस होता. बसका, मुका, सदा पेंगणारा. बाकीचे आग ओकत, विजा पाडत; हा फक्त मध्ये उभा राहून मार अडवी. बाई त्याला ‘हे’ म्हणायच्या.

‘‘अहो, उठा! तुमची पाळी!’’ बाहेरून हाक यायची.

कवळीवाले मेणाचे हात तसेच घेऊन दारात. ‘‘काय गं?’’

‘‘तुम्हाला नाही हो, ह्यांना.’’

‘‘मला वाटलं, मला.’’

‘‘तुम्ही कुठे इतक्या लवकर उठता?’’

हे नेहमीचं. हाक आपल्याला नाही, हे कवळीवाल्यांना पुढे पुढे कळू लागलं होतं. तरी ते दारात येत. तेवढंच.

मग बाई गेल्या. थोडंसं आजारपण, आणि गेल्याच. घर इतकं शांत झालं, की कवळीवाल्यांना आपल्याच कानशीचा आवाज आगाऊ वाटू लागला.

संध्याकाळी काम आवरलं की ते टीव्हीसमोर बसत आणि खेळ लावत. बाईंनी जिथे थांबवला होता तिथूनच तो सुरू होई. पडक्या स्टेशनाचा जिना, पायरीवर उभी तिची टोळी, आणि कडेला पेंगणारे ‘हे’. कवळीवाले जिना उतरून थोडं हिंडत, मार खात आणि सेव्ह न करता टीव्ही बंद करत. कारण तो खेळ एकच जागा लक्षात ठेवी. नवी ठेवली की जुनी पुसली जाई. मग तो जिना, ती थांबलेली संध्याकाळ, सगळंच गेलं असतं.

मुलीने फोनवर विचारलं, ‘‘बाबा, म्हणजे रोज तोच जिना उतरता?’’

‘‘गुडघ्याला व्यायाम.’’

‘‘थट्टा नको. निदान राक्षसांशी बोलता तरी का?’’

‘‘बोलतो की. ते उठून जातात.’’

खरंच जात. बोलायला सुरुवात केली की कवळीवाल्यांची नजर राक्षसाच्या तोंडाकडे जाई. वरचे सुळे खालच्यांवर बसत नाहीत, याला चावताना त्रास होत असणार, अशी हळहळ वाटे. तोवर खेळाने दिलेल्या उत्तरांपैकी भलतंच निवडलं जाई आणि राक्षस गुरगुरत निघून जाई. त्यांना वाईट वाटत नसे. टीव्ही बंद केला की तो अपमानही पुसलाच जाणार होता.

एका संध्याकाळी जिन्याखाली एक म्हातारी राक्षसीण भेटली. केस पिंजारलेले, तोंडात एकही दात नाही. कवळीवाले जरा सरसावून बसले. गिऱ्हाईकच समोर आलेलं!

‘‘एवढ्या उजाड गावात एकटाच हिंडतोस?’’ पडद्यावर तिची अक्षरं उमटली. ‘‘भीती नाही वाटत?’’

खाली तीन उत्तरं होती. ‘नाही.’ ‘तुझीच वाटते.’ ‘वाटते.’

कवळीवाल्यांनी तिसरं निवडलं. त्यात डावपेच नव्हता. विचारलं होतं, सांगितलं.

‘‘मलाही,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘चल, येते तुझ्याबरोबर.’’

एवढ्या दिवसांत त्यांच्याबरोबर यायला कोणी तयार झालं नव्हतं. टोळीत एक जागा रिकामी होती, बाईंना माणसं जोडायची सवय, त्या एक जागा नेहमी राखून ठेवत. म्हातारी ‘ह्यां’च्या शेजारी जाऊन उभी राहिली.

कवळीवाले टीव्हीच्या बटणापर्यंत गेले आणि बोट तसंच राहिलं. बंद केलं की म्हातारी पुन्हा जिन्याखाली, ओळखसुद्धा न ठेवता. सेव्ह केलं तर बाईंची पायरी गेली.

‘‘तूच सांग आता,’’ ते बाईंच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाले. दारात आलेल्या कुठल्याही एकट्यादुकट्या बाईला चहा न पाजता परत पाठवणं बाईंना जमलं असतं का, हे विचारायची गरज नव्हती.

‘आधीची नोंद पुसली जाईल. चालेल?’ खेळाने विचारलं.

‘‘चालेल कसं?’’ कवळीवाले म्हणाले, आणि ‘हो’ दाबलं.

जिना गेला. आता टोळी त्याच्या पलीकडे, न पाहिलेल्या रस्त्यावर उभी होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिल्याच वळणावर कोणीतरी झेपावलं. म्हातारी पुढे सरसावली, आग ओकणारे ओकून झाले, आणि खेळ थांबला, वाट बघत.

‘‘अहो, उठा!’’ कवळीवाले म्हणाले. त्यांचा स्वतःचा आवाज त्यांनाच मोठा वाटला. ‘‘तुमची पाळी.’’

मातीचा गोळा उठला, मध्ये जाऊन उभा राहिला. कवळीवाल्यांनी सवयीने मागे वळून पाहिलं. कामाच्या खोलीचं दार उघडं होतं. तिथून मेणाचे हात घेऊन कोणी आलं नाही.