गोड बोलणाऱ्याला प्रवेश नाही

आमचे दाजी निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या चेहऱ्यावरचं ‘तिकीट दाखवा’ काही अजून निवृत्त झालेलं नाही. हयातभर ते बस तपासनीस होते. मधल्याच एखाद्या थांब्यावर चढायचं आणि भरल्या बसमधून नेमका फुकट्या उचलायचा, हे त्यांचं काम. त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, असं ते स्वतः सांगतात. दुसऱ्या कुणी सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही.

या कामातून त्यांनी एक सिद्धान्त काढला आणि तो मला इतक्यांदा ऐकवला, की आता झोपेतून उठवून विचारलं तरी मी म्हणून दाखवीन. “मेहुणे, खिशात तिकीट असलेला माणूस तक्रार करतो. बस उशिरा आली, सीट फाटलीय, खिडकी बंद होत नाही. आणि तिकीट नसलेला विचारतो, काय साहेब, तब्येत बरी ना? आज ऊन फार आहे नाही? गोड बोलला, की समजायचं बिनतिकीट.” माझी ताई त्यांना पसंत पडली तीही याच कसोटीवर, असा माझा दाट संशय आहे. ताई कुणाशी गोड बोलल्याचं मला आठवत नाही.

ताईचं शिवणाचं दुकान आहे आणि मी तिथला कटिंग मास्तर. दुकान म्हणजे खाली एक लांबट खोली, तीन मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली ट्रायल रूम. निवृत्तीनंतर दाजींनी या ट्रायल रूमवर कब्जा केला. तिथे टेबल आलं, टेबलावर कॉम्प्युटर आला, भिंतीवर त्यांचा जुना बिल्ला आला. तेव्हापासून गिऱ्हाइकं पॅन्ट घालून बघायला कापडाच्या ताग्यांमागे उभी राहतात आणि मी पाठ फिरवून भिंतीकडे बघत बसतो.

रिकामं डोकं आणि हातात स्क्रू ड्रायव्हर. दाजींनी एकदा ताईचं सगळ्यात जुनं काळं मशीन साफ करायला म्हणून उघडलं. सुटलं सगळं, बसेना काही. ताईनं त्या दिवशी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी कुणीतरी सांगितलं, की इंटरनेटवर शिवणाची मशीन दुरुस्त करणाऱ्यांचा एक फोरम आहे, तिथे फोटो टाका. दाजींनी टाकला. उत्तर आलं ‘गंजका खिळा’ या नावानं: “हे मशीन आहे की अपघात? उघडायची अक्कल नव्हती तर जेवणाचा डबा उघडायचा होता.”

दाजी खूश झाले. हा माणूस अस्सल आहे, तिकीटवाला आहे, अशी त्यांची तिथल्या तिथे खात्री पटली. पुढे काही आठवडे त्या गंजक्या खिळ्यानं दाजींना शिव्या घालत घालत मशीन पुरतं जोडून दिलं. एकेक भाग, एकेक अपमान. “शटल उलटं बसवलंत. सरळ बसवायला वेगळे पैसे पडतात का?” “फोटो हलतोय. हात थरथरतोय की मेंदू?” “तुमच्याकडे हत्यारं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.” शेवटी मशीन धावलं. दाजींनी आभाराचं लांबलचक पत्रच लिहायला घेतलं, तर आणखी एका सभासदानं समज दिली, की इथे आभार मानत नाहीत. मशीन चाललं की ‘चाललं’ एवढंच लिहायचं. दाजींनी लिहिलं, “चाललं.” त्यावर कुणीही काहीही बोललं नाही. दाजी म्हणाले, अशी सभ्य माणसं मी आयुष्यात पाहिली नाहीत.

मग आले स्पॅमवाले. दुरुस्तीच्या बोलण्यात मध्येच कुणीतरी टपकायचं: “प्रिय मित्र, आपली माहिती अतिशय उपयुक्त आहे, मी ती रोज माझ्या परिवारासह वाचतो.” बॉबिनमध्ये दोरा अडकतो, ही माहिती परिवारासह वाचणारा परिवार कसा असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. खाली दुवा असायचा टकलावर केस उगवण्याचा. कुणी वजन उतरवायचं, कुणी घरबसल्या श्रीमंत करायचं. ज्यानं फोरम काढला होता तो या माशा मारून कंटाळला आणि एक दिवस म्हणाला, कुणाला हव्यात त्यानं किल्ल्या घ्या. दाजींनी हात वर केला. बिल्ल्यावरची धूळ त्याच दिवशी पुसली गेली.

नव्या सभासदाला त्यांनी दारातच एक प्रश्न ठेवला: टाके सुटत असतील तर आधी काय बदलाल? शिवणारं शेंबडं पोरही सांगेल, सुई. स्पॅमवाल्यांची उत्तरं दाजी आम्हाला चहाच्या वेळी वाचून दाखवायचे. एकानं लिहिलं होतं ‘जीवनशैली’. एकानं ‘नोकरी’. एक जण म्हणाला, आधी स्वतःला बदला, जग बदलेल. पण हे लोक चिवट. काही दिवसांत त्यांना उत्तर सापडलं आणि टकलावर केस उगवणारे सगळे जण ‘सुई, सुई’ करत आत घुसले.

तेव्हा दाजींनी ब्रह्मास्त्र काढलं. नियम एकच: जो कौतुक करेल तो बाहेर. बाहेर काढलेल्याला पडद्यावर एकच शब्द दिसायचा, ‘उतरा’. स्पॅम खरोखर थांबलं, हे मान्य करायला हवं. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. एका नव्या बाईनं ‘खूप छान समजावलंत’ असं लिहिलं आणि तिला भर रस्त्यात उतरवण्यात आलं. बाकीचे शहाणे झाले. नवी माणसं आत येण्याआधी उद्धटपणाची तयारी करून येऊ लागली. एका शाळामास्तरांनी लिहिलं, “तुम्ही सगळे मूर्ख आहात, पण पट्टा घट्ट कसा करायचा ते सांगा.” त्यांना दाजींनी हात जोडून आत घेतलं.

मी म्हटलं, “दाजी, अहो, एखादा खरंच चांगला माणूस असला तर?”

“चांगला माणूस गोड बोलत नाही.”

“ते तुमचं ठीक आहे, पण...”

“मेहुणे, कापड कापा.”

एका मंगळवारी सकाळी दाजी ट्रायल रूममधून ओरडले, “सापडला! गंजक्या खिळ्याचं खातं चोरलंय कुणीतरी!” ताई मशीन थांबवून गेली, मी कात्री घेऊनच गेलो. पडद्यावर लिहिलं होतं:

“सर्व सभासदांना नमस्कार. आजवर तुमच्याकडून खूप काही शिकायला मिळालं, त्याबद्दल मनापासून आभार. डोळ्यांनी आता साथ सोडली आहे, म्हणून दुकान बंद करून मी मुलीकडे राहायला जातो आहे. जुन्या मशीनचे भरपूर सुटे भाग माझ्याकडे आहेत, आता कुठे मिळत नाहीत असे. ज्याला हवे त्यानं घेऊन जावेत, पैसे नकोत. शनिवारी जागा रिकामी करायची आहे, उरेल ते भंगारात जाईल. खालच्या नंबरवर फोन करा. जाण्याआधी तुमची भेट झाली तर फार आनंद होईल.”

“आभार!” दाजी बोटं मोडत म्हणाले. “आनंद! फुकट! आणि वर फोन नंबर! मेहुणे, याहून बिनतिकीट काय असतं?”

ताई म्हणाली, “फोन करून बघा ना.”

“फोन करायला लावणं हाच तर यांचा धंदा.”

“अहो, पण खरंच त्या माणसाचे डोळे गेले असतील तर?”

“डोळे गेले म्हणून जीभ गोड होते का? हा माणूस मेला तरी आभार मानणार नाही. मी ओळखतो त्याला.”

आयुष्यात एकदाही न भेटलेल्या माणसाला दाजी ओळखत होते. त्यांनी ते पत्र काढून टाकलं, गंजक्या खिळ्याला ‘उतरा’ दाखवलं आणि सगळ्यांसाठी पाटी लावली: खातं चोरीला गेलं आहे, त्या नंबरवर कुणीही फोन करू नये. पत्र तोवर सकाळभर तिथे होतं. पन्नासेक जणांनी वाचलं होतं, तसा आकडाच खाली दिसत होता. फोन केल्याचं एकानंही लिहिलं नव्हतं. उलट पाटी लागल्यावर सगळ्यांच्या अकलेला धुमारे फुटले. जो तो लिहू लागला, “मलाही शंका आलीच होती.” “तो आणि आभार?” “मी तर पहिल्याच ओळीत ओळखलं.” कौतुक करायला बंदी होती म्हणून, नाहीतर दाजींना त्यांनी डोक्यावर घेतलं असतं.

ताई रोज विचारायची, “केला का फोन?” दाजी रोज म्हणायचे, “नाही, आणि करणारही नाही.” शनिवार आला तसा गेला.

सोमवारी ते काळं मशीन अडलं. आतला एक छोटा भाग तुटला होता. दाजींनी फोटो टाकला. दिवसभर कुणाला काही सांगता येईना. संध्याकाळी एकानं लिहिलं, “हा भाग आता मिळत नाही. गंजका खिळा असता तर त्याच्याकडे निघाला असता.”

ताईनं गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली. “नंबर द्या तो.”

काढून टाकलेलं सगळं दाजी पुरावा म्हणून जपून ठेवतात. त्यांनी गुपचूप नंबर दिला. ताईनं दुकानाच्या फोनवरून लावला आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

“तुमच्याकडे मशीनचे सुटे भाग आहेत ना?” तिनं विचारलं.

“होते, बाई,” एक खरखरीत आवाज म्हणाला. “शनिवारी भंगारवाला घेऊन गेला. तुम्ही कुठून बोलता? फोरमवरून का?”

“हो. कुणीच नाही आलं घ्यायला?”

“फोनसुद्धा नाही आला कुणाचा. मुलगी म्हणाली होती, बाबा, जाताना तरी चार शब्द बरे लिहा. तिनंच लिहून दिलं, मला कुठलं येतंय तसलं. दुसऱ्या दिवशी तिनं उघडून बघितलं तर आत घेईना. ‘उतरा’ म्हणे. म्हटलं, सगळ्यांनी मिळून ठरवलं असेल. चूक नाही त्यांची. मी तरी कुणाशी धड बोललो होतो? तरी शनिवारी दुपारपर्यंत शटर उघडं ठेवलं होतं.”

मला दाजींचा असा संताप आला होता, की हातातली कात्री खाली ठेवावी लागली. पण त्यांच्याकडे बघितलं आणि बोलवेना. भर बसमध्ये चुकीच्या माणसाची कॉलर धरल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा. ताईनं फोन त्यांच्यापुढे सरकवला.

“मी फोरमचा व्यवस्थापक बोलतो,” दाजींनी घसा खाकरला. “सुरक्षेच्या कारणास्तव आपलं खातं...”

ताईनं नुसतं बघितलं.

“मी काढलं ते,” दाजी म्हणाले. “तुमचं पत्र. मला वाटलं, कुणी भामटा लिहितोय. तुम्ही कधी आभार मानत नाही ना. ही म्हणत होती फोन करा, मी केला नाही. तुमचं सगळं सामान माझ्यामुळे गेलं. ते काळं मशीन तुम्ही जोडून दिलं होतं, तो मीच.”

“उलट्या शटलवाले?”

“हो,” दाजी म्हणाले. “शिव्या द्या मला. द्या ना. तुम्ही काय वाट्टेल ते बोला.”

“नाही हो. तुमचं कामच ते. हल्ली भामटे फार झालेत.”

तो मऊ आवाज ऐकून दाजींनी टेबलाची कड धरली. एक शिवी मिळती तर माणूस सावरला असता.

“म्हणजे लोकांनी नाही काढलं मला?” पलीकडून प्रश्न आला.

“नाही. मी एकट्यानं.”

“पण वाचलं तर असेल त्यांनी. वाचलं ना?”

दाजींच्या समोर पडद्यावर ते पत्र होतं आणि पत्राखाली आकडा होता. हयातभरात त्यांनी कुणाला एक खोटी पावती दिली नव्हती, सख्ख्या भावालाही बसमधून उतरवलं होतं.

“कुणीच नाही वाचलं,” ते म्हणाले. “तुम्ही टाकलंत आणि मी लगेच काढलं. एकाच्याही नजरेला पडलं नाही ते.”



“मग बरं झालं,” म्हातारा म्हणाला. “भंगाराचं काही नाही हो. मला वाटत होतं, वाचून आले नाहीत.”