नानांना मी शिकवलं नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पत्त्यांच्या टेबलावरच्या मित्रांना तर नाहीच. त्यांना निम्मं ठाऊक होतं, पण उरलेलं निम्मं कुणी कधी विचारलं नाही — आणि मला ते बरंच वाटलं.

मी नाशिकमध्ये बारावीच्या मुलांना गणित शिकवतो. दर रविवारी दुपारी माझ्या क्लासच्या खोलीत पोकरचा डाव बसायचा. पोकरमध्ये हुशारीनं पैसे मिळतात असं बाहेरच्यांना वाटतं. खरं सांगू? टेबलावर कुणीतरी भोळेपणानं हरत असतं, म्हणून मिळतात. आणि असा डाव फार टिकत नाही. हरणाऱ्याचे पैसे संपतात, नाहीतर तो शहाणा होतो, नाहीतर कुणीतरी त्याला हसतं आणि तो यायचा थांबतो. काही महिने चालला तरी नशीब म्हणायचं. आमचा दोन वर्षं चालला. कसा चालला — तेच सांगायचं आहे.

आमच्याकडे नाना होते. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगी मनमाडला. नाना प्रत्येक डाव शेवटपर्यंत खेळायचे; हातात काही नसलं तरी पत्ते टाकून डावातून बाहेर पडायचे नाहीत. "पत्ते टाकून नुस्तं बघत बसायला येतो का मी?" असं म्हणायचे. त्यांना माणसं हवी होती हो. पत्ते हे निमित्त.

ते हरायचे आणि आम्ही चौघं वाटून घ्यायचो. त्यांना सांभाळायचं काम मी आपणहून घेतलं होतं. नानांच्या खेळावर कुणी बोलायचं नाही, ते जिंकले की तोंडभर कौतुक करायचं, मिसळ मागवली तर त्यांची कमी तिखट. एकदा एका मित्राच्या तोंडून निघून गेलं, "नाना, हे पत्ते टाकायला हवे होते." त्याला मी जिन्यात नेऊन झापलं. सगळ्यांना वाटलं, मी म्हाताऱ्या माणसाचा मान राखतोय. नानांनाही तसंच वाटलं.

मग एका श्रावणात नाना आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, त्र्यंबकेश्वरला जाऊन आलो, पत्ते सोडले. मी दुसऱ्याच दिवशी पेढे घेऊन त्यांच्या घरी हजर. त्यांनी स्वतः चहा केला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग, कपाकडे बघत, त्यांनी विचारलं, "तू मास्तर माणूस. माझं चुकतं कुठं रे? लय पैसे गेले. शिकव ना मला."

याहून सोपं काय होतं? हलके पत्ते आले की टाकून द्या — चहा संपायच्या आत सांगून झालं असतं. वर्गातल्या सगळ्यात ढ मुलालाही मी न चिडता तीनदा समजावतो. आणि त्या दुपारी मी काय म्हणालो? "नाना, तुमचं काहीच चुकत नाही. पत्ते साथ देत नाहीत, एवढंच. फिरतील." आणि वर — हे सांगताना अजून जीभ अडखळते — "श्रावणात सोडलेलं श्रावणापुरतंच असतं."

नाना खुलले. मीच आणलेला पेढा त्यांनी मला भरवला.

श्रावण संपताच ते पुन्हा येऊ लागले. पुढच्या उन्हाळ्यात नाशिकरोडचा फ्लॅट विकून मुलीकडे मनमाडला गेले. जाताना सगळ्यांसमोर म्हणाले, "या मास्तरनं मला कधी हिणवलं नाय." मी मान खाली घातली. मला वाईट वाटत होतं हे खरं — पण डाव मोडणार म्हणून. हो, आधी तेच वाटलं. लाज नंतर आली, ती गेली नाही.

नाना गेल्यावर थोड्याच रविवारांत टेबल मोडलं. आम्ही चौघं सांभाळून खेळणारे, तेच पैसे एकमेकांकडे फिरवत बसलो. कुणाला त्यात गोडी वाटेना.

नाना अजून अधूनमधून फोन करतात. परवा विचारलं, "माझ्याबिगर रंगतो का रे डाव?"

"नाही नाना," मी म्हणालो. "तुमच्याशिवाय डावच उरला नाही."

इतक्या दिवसांत त्यांना सांगितलेलं हे एवढंच खरं. पलीकडे त्यांचा आवाज भरून आला. त्यांना ती माया वाटली, आणि मी तसं वाटू दिलं.