टॉवेल वाळायचं कॉलेज

कॉलेज निवडताना लोक निकाल बघतात, ग्रंथालय बघतात, पोरगी असेल तर हॉस्टेलचं फाटक किती वाजता बंद होतं तेही बघतात. माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, टॉवेल वाळतो का ते बघितलं. तुम्ही खुशाल हसा. मी तेव्हा भयंकर चिडले होते.

आमचं घर गुंजवण्यात, राजगडाच्या पायथ्याला. गड बघायला आलेले पाहुणे "काय हवा आहे!" म्हणत छाती फुगवतात आणि संध्याकाळी आपापल्या कोरड्या फ्लॅटात पळतात. इथं राहणाऱ्याला आषाढात आतले कपडेसुद्धा चुलीवरच्या दोरीवर वाळवावे लागतात. मी वर्गात शिरले की माझ्या कपड्यांच्या धुरकट वासावरून मागच्या बाकावरून विचारणा व्हायची, "आज काय भाजलंय?" त्यात मला दमा. ओल आणि धूर दोघं मिळून माझा गळा धरायचे. बारावीचा अर्धा पावसाळा मी अंथरुणात उठून बसून काढला.

आप्पांनी स्पष्टच सांगितलं, "आता जिथं जाशील तिथं टिकायला पायजे. धापा टाकत परत आलीस तर शिक्षन बंद. मग स्थळं बघू." ते ऐकूनच मला धाप लागली.

वेल्ह्याचं कॉलेज लगेच बाद झालं, कारण तिथली ओल आमच्या घरचीच. मग पुण्याला निघालो. आप्पांनी एक टॉवेल भिजवला, पिळला आणि पिशवीत घातला.

"आप्पा, हे काय?"

"हवा बघायची. मानसं खोटं बोलतील, टॉवेल न्हाई बोलायचा."

पुण्यातल्या त्या टोलेजंग कॉलेजच्या रेलिंगवर त्यांनी खरोखर टॉवेल पसरला. वॉचमन ओरडला, "ओ काका, धोबीघाट आहे का हा?" आजूबाजूच्या पोरी फिदीफिदी हसल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. फॉर्म घेऊन बाहेर आलो तर टॉवेल खडखडीत वाळला होता, पण फुटपाथवर पडलेला, काळाकुट्ट. आप्पांनी तो झटकला आणि मला शिंकांवर शिंका सुटल्या. झालं, पुणं गेलं.

राहिलं ते हायवेच्या पलीकडचं, भोंगवलीच्या बाजूचं. तिकडं पाऊस हात आखडूनच पडतो. कॉलेज कसलं, पाचसहा खोल्या आणि वर पत्रा. माझ्या प्राथमिक शाळेचा रुबाब जास्त होता. आप्पांनी नव्यानं भिजवलेला तोच टॉवेल कुंपणाच्या तारेवर टाकला आणि आम्ही आत गेलो. तिथल्या एक मॅडम विषय समजावून सांगायला लागल्या आणि नेमका तेव्हाच पत्र्यावर पाऊस वाजायला लागला. संपलं, म्हटलं मी मनात. आता स्थळं.

बाहेर धावत आलो तर तार रिकामी.

"चोरला!" मी म्हटलं.

तेवढ्यात तिथल्या शिपाई मावशी दारात आल्या. "तुमचा व्हय? म्या आत घेतला." ऑफिसात पंख्याखालच्या खुर्चीवर टॉवेल नीट पसरलेला होता. "कुनाचा का असंना, भिजत कशाला ठिवायचा?"

आप्पांनी टॉवेल चाचपला. ओलाच होता. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

"फॉर्म भर," ते म्हणाले.

परतीच्या एसटीत माझ्या ध्यानात आलं. "आप्पा, टॉवेल खुर्चीवरच राहिला की!"

"ऱ्हाऊ दे."

"पण तो वाळला कुठं होता? मग हे कॉलेज पास कसं झालं?"

आप्पा खिडकीबाहेर बघत होते. "वाळला न्हाई. पर पाऊस आल्यावर कुनीतरी आत घेतला ना? मी काय तिथं रोज असनार हाय?"

मला रडूच कोसळलं. ते लपवायला खोकावं म्हटलं, तर जन्मात पहिल्यांदा खोकला आला नाही.