स्पीकरवरचं दुकान

आमच्या ठिबक सिंचनाच्या दुकानात उन्हाळ्यात माल संपतो, किस्से मात्र संपत नाहीत. घरी गेल्यावर नवरा विचारतो, "आज काय झालं?" मी म्हणते, "काही नाही." मग भाजी चिरता चिरता एक सांगायला घेते, त्यातून दुसरा निघतो आणि भाजी करपते.

या करपलेल्या भाज्यांना जबाबदार आमच्या सुनंदाताई. दुकान गंगापूर रोडला. मी कोटेशन करते, ताई बिलिंग बघतात. माहेर-सासर दोन्ही नांदगावकडचं, आवाज खणखणीत आणि पोटात काही म्हणजे काही राहत नाही. कुणी म्हणतं, मोकळा स्वभाव आहे. कुणी म्हणतं, आगाऊ आहेत. मला विचाराल तर दोन्ही खरं आहे.

*

एकदा शेतकऱ्याला स्प्रिंकलर चालवून दाखवताना ताईंचा फोन भिजला. कानाला लावला की आवाज येईना, स्पीकरवर टाकला की येई. मी म्हटलं, "दुरुस्त करून घ्या की!" तर म्हणाल्या, "बोलता येतंय ना? मग कशाला?" पुढे मुलीने नवा फोन घेऊन दिला, पण सवय तीच राहिली. सासूबाईंची कुठली गोळी बदलली, जाऊ कशावरून रुसली, आम्हाला सगळं तोंडपाठ आहे.

एके दिवशी सासूबाईंचा फोन आला. "सुनंदा, मला न इचारता माझी गोधडी धुतली तू! लय ऊब होती तिच्यात!"

"आई, ऊब नव्हती, वास होता!"

झालं, जुंपली. काउंटरला एक आजोबा फिल्टर घ्यायला आले होते. बराच वेळ ऐकत होते. शेवटी फोनवर वाकून म्हणाले, "माय, सूनबाईचं बरोबर हाय. आता धुतली ना, सोडून द्या!"

मग सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही कोण?"

"मी फिल्टर न्यायला आलोय."

"अगं सुनंदा, मग त्यांना आधी फिल्टर दे ना!"

*

आमचे शेठ एकदा कुठल्याशा हॉटेलात ट्रेनिंगला जाऊन आले. आल्या आल्या सगळ्यांना बोलावून म्हणाले, "आजपासून आपल्याकडे ओपन कल्चर! केबिनचं दार कायम उघडं. ज्याला जे वाटतं ते तोंडावर बोलायचं!"

आम्ही माना डोलावल्या.

दुपारी उघड्या दारातून शेठचा आवाज ऐकू आला. एका ग्राहकाचं मटेरियल द्यायचं राहिलं होतं, त्याला सांगत होते, "अहो पाटील, मी आता धुळ्यात आहे. उद्या भेटू!"

ताई जागेवरूनच ओरडल्या, "शेठ, पाटील इथे काउंटरवर उभे आहेत!"

शेठ बाहेर आले. पाटील हात जोडून म्हणाले, "धुळ्याहून फार लवकर आलात!"

संध्याकाळी केबिनचं दार बंद. "एसीची हवा बाहेर जाते," शेठ म्हणाले. तेवढंच ओपन कल्चर.

*

ताईंच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हाची गोष्ट. ताईंनी पोहे द्यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. मुलीला स्वयंपाक येत नाही, राग नाकावर असतो, सकाळी उठवायला दोन माणसं लागतात आणि गुडघ्यावर भाजल्याचा डाग आहे.

दुसऱ्या दिवशी मध्यस्थाचा फोन आला. अर्थात स्पीकरवर. "ताई, त्यांचा नकार आहे. मुलाची आई म्हणाली, ही बाई एवढं सांगतेय म्हणजे नक्की काहीतरी लपवतेय!"

ताई दिवसभर गप्प होत्या. गोधडीच्या भांडणातही त्या गप्प बसल्या नव्हत्या. मला फार वाईट वाटलं. पण पुढच्या पाहुण्यांपुढे त्यांनी तीच टेप पुन्हा लावली. त्यावर मुलाचे वडील म्हणाले, "आमचा मुलगा घोरतो. फार घोरतो." लग्न तिथेच ठरलं!

*

आता ताईंच्या बरोबर उलट माणूस म्हणजे रत्नपारखी काका. स्टोअर सांभाळतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, घरी एकटेच. काहीही विचारा, उत्तर एकच: "काही नाही."

गेल्या वर्षी काका "खासगी काम आहे" म्हणून रजेवर गेले. परत आले ते वाकून चालत. ताईंनी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही."

"मग हातात हे काय आहे?"

मनगटावर हॉस्पिटलचा प्लास्टिकचा पट्टा होता, नाव आणि वॉर्डासकट. काकांनी पट्ट्याकडे पाहिलं. म्हणाले, "हा होय? काढायचा राहिला."

अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं! ताई आठवडाभर त्यांच्यासाठी मऊ भात आणत होत्या आणि वाढता वाढता शिव्या देत होत्या.

*

मध्यंतरी मी आणि काका हरसूलला गेलो होतो. हिराबाई म्हणून आमच्या ग्राहक आहेत, त्यांच्या भाजीच्या मळ्यात ठिबकची मापं घ्यायची होती. हिराबाईंनी चहा हातात दिला आणि काकांना विचारलं, "पोरं किती तुम्हाला?"

"एक मुलगा."

"कुठं हाय?"

"बंगळूरला."

"येतो का?"

काका म्हणाले, "पाण्याची मेन लाइन कुठून टाकायची?"

"म्हंजे येत नाय," हिराबाई म्हणाल्या आणि मेन लाइनची जागा दाखवायला उठल्या.

परतीच्या घाटात काका आपणहून बोलले. मला वाटलं, गाडीत दुसरं कुणी बसलंय की काय! मुलाने आपल्या पसंतीने लग्न केलं. काका रागाच्या भरात म्हणाले होते, "या घरात पाऊल ठेवू नकोस." त्याने ठेवलं नाही. राग केव्हाच गेला होता, पण फोन करायची हिंमत होत नव्हती. "दर रविवारी नंबर काढतो," म्हणाले, "आणि ठेवून देतो. एकट्याने बोलायला गेलो की मी चिडतो. या वेळी चिडलो तर तो कायमचाच गेला."

मी हे कुणालाही सांगणार नव्हते. पण दुसऱ्या दिवशी डबे उघडल्यावर काकांनीच ताईंना सांगितलं.

ताईंनी घास खाली ठेवला. "मग आमच्यासमोर बोला. चार माणसांत माणसाला चिडायची लाज वाटते. लावा फोन. स्पीकरवर!"

काकांनी खरंच लावला. फोन डब्यांच्या मध्ये ठेवला. नेमक्या हिराबाई पाइपचे जॉइंट न्यायला आल्या होत्या, त्याही काउंटरला टेकून उभ्या राहिल्या. शेठ केबिनचं दार उघडून बाहेर आले. ताईंनी त्यांना बोटानेच गप्प केलं.

रिंग वाजत राहिली. मग आवाज आला, "हॅलो? बाबा? काय झालं?"

"काही नाही," काका म्हणाले.

ताईंनी कपाळाला हात लावला.

"आवाज घुमतोय. कोणी आहे का तिथे?"

काकांनी आमच्याकडे पाहिलं. ताई, मी, शेठ, हिराबाई.

"सगळे आहेत," काका म्हणाले. "अरे, माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं."

"काय? कधी?"

"गेल्या वर्षी."

ताईंनी काकांचा हात धरला.

मग मुलगा म्हणाला, "बाबा, आम्हाला मुलगी झाली."

"कधी?"

"गेल्या वर्षी."