वन्संच्या गळ्यातला बेडूक

वन्सं, तोंडावर कौतुक केलं की तुम्ही उठून कपडे वाळत घालायला जाता, म्हणून हे लिहितेय. बसून वाचा.

पानगळ सुरू झाली त्या आठवड्यात तुम्ही माझ्याकडे राहायला आलात. दोन ट्रंका, एक बाजाची पेटी आणि गळ्याभोवती मफलर. सगळी नोकरी बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात गेलेली. तुमचा चेहरा कुणाला ठाऊक नव्हता, आवाज मात्र शेंबड्या पोरालाही. नेमकं त्याच गळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "आता बोला, गा. वापरला नाहीत तर उरलाय तो आवाजही जाईल." पण उरलेला आवाज घोगरा, आणि तुम्ही पडलात मानी. नुसती कुजबुज! त्यात मी कानाने अधू. तुम्ही मीठ मागायचात, मी पेपर आणून द्यायची.

"भाऊ गेल्यावर भावजयीच्या जिवावर..." असं काहीतरी एकदा कुजबुजलात. ते बरं ऐकू आलं मला. म्हटलं, "रडगाणं पुरे. गल्लीतली कार्टी रोज दारात धिंगाणा घालतात, त्यांना गाणं शिकवा." मनात म्हटलं, पोरांसमोर तरी तोंड उघडतील.

कसलं काय! तुम्ही खिडकीखाली, ऊन उतरतं तिथे सतरंजी ओढलीत आणि पेटी घेऊन बसलात. सूर पेटीचा, शब्द सांगायचे मी. माझ्या गाण्याची कीर्ती तुम्हाला माहीतच आहे. लग्नानंतर एकदा गुणगुणले, तर तुमचे बंधू नळ गळतोय का बघायला उठले होते. दाराशी इवल्या चपलांचा ढीग, प्रत्येक चपलेला चिकटून एखादं वाळकं पान आत. झाडायचं कुणी? मीच.

त्या पेटीची एक पट्टी मुकी. दाबली की सूर नाही, नुसतं फुस्स. पोरांनी तेही गाण्यासकट उचललं. "पान पिवळे, वारा फुस्स!" अगदी माना डोलावून, तालात. मी 'वारा धीट' सांगितलं होतं, पण म्हटलं गाण्यात असं चालत असेल. तुम्ही हात हलवून काहीतरी कुजबुजत होतात. त्या गलक्यात ऐकतंय कोण?

शेवटी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याची बायको आली. "काकू, आमची धाकटी घरभर फुस्स फुस्स करत फिरते. गाणं शिकवता की सायकलीत हवा भरता?"

धाकटी, म्हणजे आपली वकिलीणबाई, पुढे सरसावली. "पेटीच तसं म्हणते. पेटी मोठी आहे ना? मग ती कशी चुकेल?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मी काहीतरी बोलावं म्हणून. मी मुद्दाम गप्प. माझ्या जन्मात असं क्वचित घडलंय.

मग तुम्ही मफलर सैल केलात आणि गायलात. "वारा धीट." घोगरा, मध्येच चिरलेला आवाज, पण सूर जागच्या जागी. हे माझं मत नाही, औषधवाल्याच्या बायकोचं. माझ्या मताला इथे किंमत नाही.

वकिलीणबाई जवळ येऊन तुमच्या गळ्यात डोकावली. "आजी, आत बेडूक आहे?"

मी तिला मागे ओढायला उठले.

"आहे," तुम्ही चक्क मोठ्याने म्हणालात. "पाळलाय."

"मग त्याला रोज गायला लावा. नाहीतर पळून जाईल."

एवढ्या शिकलेल्या डॉक्टरांचं ऐकलं नाहीत, दात पडलेल्या पोरीचं ऐकलंत!

आता ती मुकी पट्टी आली की सूर तुम्ही गाऊन देता. सगळी पोरं 'धीट' तेवढं घोगऱ्या आवाजात म्हणतात आणि त्यांच्या आया कपाळाला हात लावतात. तुम्ही त्यांच्यावर ओरडता ते मला मागच्या खोलीत ऐकू येतं. परवा भाजीवाला दारात थबकला, "ह्या गाड्यांवाल्या बाई का हो?"

"वहिनी, गुरुवारी पेटी दुरुस्तीला नेऊ या," तुम्हीच म्हणालात. गुरुवारी मी चपला घालून, रिक्षावाल्याला दारात थांबवून हाका मारतेय, आणि आतून तुम्ही, "आले, एवढी एकच ओळ!" तो बिचारा कंटाळून निघून गेला. पुढच्या गुरुवारी पाऊस नव्हता, पाहुणे नव्हते, काही म्हणता काही अडचण नव्हती. तरी आपण गेलो नाही.